लिंग्विस्टिक्स घेऊ की ईएलटी? दोन्ही लँग्वेजचंच आहे ना?

एमए इंग्लिशला ऑप्शनल पेपर निवडायची वेळ आली की वर्गात दोन गट पडतात, एक लिटरेचरवाल्यांचा आणि दुसरा "पुरे झाल्या त्या कविता" म्हणणाऱ्यांचा. ह्या दुसऱ्या गटाला समोर दोन नावं दिसतात, लिंग्विस्टिक्स म्हणजे भाषाविज्ञान आणि ईएलटी म्हणजे इंग्लिश लँग्वेज टीचिंग, आणि बहुतेक जण दोन्ही एकच धरून चालतात, मग ज्या मॅडम चांगलं शिकवतात त्यांचा पेपर घेऊन मोकळे. मीपण तेच केलं होतं, म्हणून लिहितोय.

घोळ होण्यामागे कारण आहे. दोन्हीकडे फोनेटिक्स म्हणजे उच्चारांचा अभ्यास आहे, दोन्हीकडे ग्रामर आहे, चॉम्स्की हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ तर दोन्हीकडे भेटतोच. फरक कळतो तो एखादं वाक्य समोर ठेवलं की.

"आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" घ्या. आपल्याकडे अर्धा वर्ग असं बोलतो. लिंग्विस्टिक्सवाला हे ऐकून खूश होतो, कारण त्याच्यासाठी ही चूक नाहीच, हा डेटा आहे. तो म्हणणार, ब्रिटिश इंग्लिशमध्ये मालकी सांगणाऱ्या 'हॅव'ला सहसा आयएनजी लागत नाही, मग भारतीय इंग्लिशमध्ये तो का लागतो, आणखी कुठल्या क्रियापदांना लागतो, आणि मराठीत तर 'हॅव'सारखं क्रियापदच नाही, आपण "मला दोन भाऊ आहेत" म्हणतो, मग ह्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का? पोराचं वाक्य सुधारलं की नाही ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ईएलटीवाल्याला मात्र तेच तर बघायचंय. साठ पोरांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, आत्ता मध्येच टोकू की बोलू देऊ, टोकलं तर तो परत तोंड उघडेल का, आणि हे नियम सांगून सुटेल की दहा वेळा वापरायला लावून?

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. 'किल' आणि 'स्किल' हे शब्द मूळ इंग्लिश बोलणाऱ्याच्या तोंडून नीट ऐका, 'किल'मधला क बराचसा आपल्या ख सारखा येतो आणि 'स्किल'मधला साधा क. त्यांच्या कानाला फरक जाणवतही नाही कारण त्यानं अर्थ बदलत नाही, आपल्याकडे मात्र काल आणि खाल हे सरळ दोन वेगळे शब्द. लिंग्विस्टिक्सचा अख्खा तास ह्यावर जातो. ईएलटीत प्रश्न एवढाच, की मराठी मुलानं साधा क उच्चारला तर समोरच्याला कळतं का? बहुतेक वेळा कळतं, मग पुढे चला.

आता हे इतकं कप्पेबंदपण नाही हां. १९६७ साली पिट कॉर्डर ह्या भाषा-अभ्यासकानं मांडलं की शिकणाऱ्याच्या चुकांना शिस्त असते, त्यातून त्याच्या डोक्यात भाषा कशी घडतेय ते दिसतं, आणि १९७२ मध्ये सेलिंकर ह्या दुसऱ्या अभ्यासकानं मातृभाषा आणि शिकायची भाषा ह्यांच्या मधल्या त्या भाषेला इंटरलँग्वेज म्हटलं. हा भाग दोन्ही पेपरांत येतो आणि खरा गोंधळ इथेच होतो. ईएलटीत आपल्या जवळचं एक मोठं नाव आहे, एन. एस. प्रभू. १९७९ ते ८४ त्यांचा बंगलोर प्रोजेक्ट चालला, शाळेतल्या मुलांना थेट ग्रामर न शिकवता नकाशे, टाइमटेबल असली कामं सोडवायला द्यायची आणि इंग्लिश त्यातून येऊ द्यायचं. आज टास्क बेस्ड, म्हणजे कामं देऊन भाषा शिकवणं, म्हणून जे शिकवतात त्यात ह्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

लिंग्विस्टिक्सवाले कुठे जातात? गंमत म्हणजे बरेच जण फिरून मराठीवरच येतात. अशोक केळकरांनी कॉर्नेलला १९५८ साली पीएचडी केली ती मराठीचे ध्वनी आणि शब्दांची रूपं ह्यांवर, पुढे ते पुण्यात डेक्कन कॉलेजला होते. "मी पोळी खाल्ली" मध्ये खाणारा मी आणि क्रियापद मात्र पोळीप्रमाणे बदलतं, आणि 'तो'चं 'त्याने' होतं पण 'मी' तसाच राहतो, असल्या गोष्टींनी ज्याची झोप उडते त्यानं इकडे यावं. कामं म्हणाल तर कोश, बोलींची सर्वेक्षणं, कंपन्यांत भाषेचा डेटा तपासणं वगैरे.

नोकरीचं एक नीट समजून घ्या. एमए इंग्लिशमध्येच लिंग्विस्टिक्सचा पेपर घेतला तर डिग्री इंग्लिशचीच राहते, नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) इंग्लिशचीच देता, विषयाचा कोड ३०. अख्खं एमएच लिंग्विस्टिक्समध्ये केलं तर विषय वेगळा, कोड ३१, आणि मग इंग्लिश डिपार्टमेंटच्या जागेला अडचण येऊ शकते. आणि इंग्लिशच्या नेटमध्ये दहा युनिटांपैकी भाषा आणि ती शिकवणं मिळून एकच युनिट आहे, म्हणजे कवितांपासून सुटका नाहीच 😅. ईएलटी केलं म्हणून शाळेत लागता येतं हाही गैरसमज, तिथे बीएड लागतंच.

फॉर्म भरायच्या आधी लायब्ररीतून दोन्हीचे जुने पेपर काढून बघा. लिंग्विस्टिक्समध्ये वाक्याचं झाड, म्हणजे त्याच्या रचनेची आकृती, काढायला सांगतात, ईएलटीत आठवीच्या वर्गासाठी लेसन प्लॅन. कुठला आधी सोडवावासा वाटतो?

मी लिंग्विस्टिक्स घेतलं आणि आता शिकवतो क्लासमध्ये. पोरगं "आय ॲम हॅविंग" म्हणालं की अजून पहिले दोन सेकंद मजाच वाटते, मग आठवतं की त्याची पुढच्या आठवड्यात ओरल आहे.