बुडवून की शिंपडून? जुन्या वादामागचं थोडंसं

कोल्हापूरकडच्या भोगावतीकाठच्या ख्रिस्ती मंडळीत जुनी माणसं आठवणी काढायला बसली की बोलणं हटकून नदीतल्या बाप्तिस्म्यावर, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या संस्कारावर येतं. जानेवारीतली पहाट, पाळक कमरेएवढ्या पाण्यात आणि काठावर कोरडं लुगडं धरून उभी असलेली सासू. बाप्टिस्ट वळणाच्या, म्हणजे जाणत्या वयात पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या लोकांना ही आठवण प्रिय. बाकीचे गप्प ऐकतात, कारण त्यांच्या कपाळावर तान्हेपणीच पाणी शिंपडलेलं असतं.

कोल्हापुरात 1852 पासून काम करणारं मिशन 1870 ला प्रेस्बिटेरियनांकडे, म्हणजे तान्ह्यांनाही बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाकडे गेलं, त्यामुळे इथली जुनी रीत शिंपडण्याचीच. पाण्यात उतरवण्याचा आग्रह धरणारे मागाहून आले. पण खरी गुंतागुंत 'बाप्तिस्मा' या शब्दातच आहे. तो ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ बुडवणं. मराठी नवा करार 1811 मध्ये पहिल्यांदा छापला तो बंगालमधल्या सेरामपूरच्या बाप्टिस्टांनीच. बंगालीत त्यांनी या शब्दाचं सरळ 'बुडवणं' असं भाषांतर केलं, तेव्हा पैसा पुरवणाऱ्या संस्थेने 1830 च्या दशकात हात आखडता घेतला. आपल्या बायबलात मात्र 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्दच मराठी होऊन राहिला, आणि त्यात ज्याला हवी ती रीत वाचता आली. मला विचाराल तर ही पळवाटच, पण तिने दीडशे वर्षं भांडण झाकून ठेवलं.

झाकण उघडलं 1970 मध्ये. नागपुरात त्या नोव्हेंबरात उत्तर भारतातल्या सहा पंथांचा संयोग झाला. त्यात बाप्टिस्टही होते आणि तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारेही. तोडगा असा, की दोन्ही पद्धती मान्य. कागदावर छान. गावात प्रश्न वेगळाच पडला: लहानपणी शिंपडलेल्या सुनेने बुडवणाऱ्या घरात आल्यावर पुन्हा पाण्यात उतरायचं का? "नुसतं शिंपडून काय व्हतंय?" असं सासरचे म्हणणार आणि माहेरचे 'एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा' हे बायबलातलं वचन पुढे करणार. गंमत म्हणजे सासरही तेच वचन म्हणतं.

बाकीच्या रीती दोन्हीकडे सारख्याच. हंगामाच्या, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला भाताची पेंडी, गुळाची ढेप, दुधी भोपळा, मग अंगणात लिलाव. शंभराची कोंबडी पाचशेला जाते, आणि घेणारा ती पुन्हा बोलीला लावतो.

नदीत मात्र आता फारसं कोणी उतरत नाही. कारखान्यांचं पाणी आणि शहराचं सांडपाणी यांनी भोगावती जिला मिळते त्या पंचगंगेचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रार्थनामंदिरामागे सिमेंटचा हौद बांधलाय, तीन पायऱ्यांचा. टँकरने भरतात. सासू अजूनही काठावर लुगडं घेऊन उभी असते.