मोटर चालू, पाणी नाही

“मोटर चालू शे, पन पानी नही येत.” मे महिन्यात खानदेशातल्या निम्म्या विहिरींवर हे ऐकू येतं. आमचे आप्पा ते म्हणाले कन्नडच्या घाटात, भर उन्हात, आपल्या चाळीस वर्षं जुन्या जर्मन गाडीत बसून. पेट्रोल गाडी, ऑटोमॅटिक. इंजिन झकास घुमत होतं, लिव्हर ‘डी’वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, होता आणि गाडी हळूहळू मागे घसरत होती.

मदतीला थांबलेल्या एका ट्रकवाल्याने निकाल देऊन टाकला: गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल. खरं तर आप्पांचं वाक्यच जास्त शास्त्रशुद्ध होतं.

साध्या गाडीत इंजिन आणि गिअर यांना क्लच प्लेट जोडते. अशा ऑटोमॅटिकमध्ये त्यांच्या मधे तेल असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. वाऱ्याच्या जागी तेल घातलं की झाला, ढोबळमानाने, टॉर्क कन्व्हर्टर. हरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने ही कल्पना १९०५ साली जहाजांसाठी पेटंट केली. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सर्रास मिळू लागला तो अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल कंपनीच्या १९४० च्या मॉडेलांपासून.

पण तेलाचं काम तिथे संपत नाही. गिअर पकडणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा आणि ब्रेकचे पट्टेसुद्धा तेलाच्या दाबानेच आवळले जातात. तो दाब देतो इंजिनाबरोबर फिरणारा एक छोटा पंप. खालच्या चेंबरमधून, जाळीतून, तो तेल ओढतो. विहीर, फूटव्हॉल्व्ह आणि मोटर, सगळं तेच! पाणी खाली गेलं की मोटर हवा ओढते, इथेही तसंच. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. फेसाळलेल्या तेलाने प्लेटा घट्ट बसत नाहीत, नुसत्या घसरतात. चढावर आणि वळणावर तेल एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते, म्हणून पहिला दगा घाटातच. (पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे अशा बहुतेक गाड्या धक्का मारून सुरू होत नाहीत. आणि मागची चाकं जमिनीवर ठेवून लांबवर ओढत नेल्या, तर तेलावाचून आतले भाग झिजतात.)

आता तपास. आप्पांनी लिव्हर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, टाकला आणि गाडी उतारावर जागच्या जागी थांबली. या एका हालचालीने दोन संशयित सुटले. ‘पी’मध्ये एक लोखंडी खुंटी गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टला अडवते. ती धरतेय म्हणजे तिथून चाकांपर्यंत काही तुटलेलं नाही, आणि लिव्हरचा दांडाही निखळलेला नाही. मग ‘आर’ लावून पाहिला. रिव्हर्सही नाही. फक्त पुढचे गिअर गेले असते तर त्यांच्या क्लचवर बोट ठेवता आलं असतं. दोन्हीकडे एकदम अंधार म्हणजे दोष सामायिक: तेल, जाळी, पंप किंवा कन्व्हर्टर. यातली सगळ्यात स्वस्त तपासणी आधी.

या गाडीचं गिअरतेल इंजिन चालू ठेवून, ‘पी’मध्ये, गरम असताना मोजायचं असतं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, जवळजवळ कोरडी निघाली. टोकाला जो थेंब होता तो लालच होता. काळपट नाही, जळका वास नाही. म्हणजे प्लेटा अजून शाबूत असाव्यात.

पण तेल गेलं कुठे? गाडीखाली ठिपका नाही, घरच्या फरशीवरही कधी डाग पडला नव्हता. इथे मला आठवला तो पांढरा धूर. दोन महिने सायलेन्सरमधून येत होता आणि जो तो इंजिनाच्या रिंगांना नावं ठेवत होता. अशा जुन्या गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळावा म्हणून एक रबरी नळी इंजिनाची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, त्याच्यापर्यंत आणते. नळीच्या टोकाला पत्र्याची डबी, मॉड्युलेटर, आणि तिच्यात रबरी पडदा. पडदा फाटला की इंजिन नळीतून गिअरबॉक्सचं तेल पिऊ लागतं आणि जाळून टाकतं. ठिपका पडणार कुठून?

नळी ओढून काढली. बोटाला लाल तेल लागलं.

आप्पांनी बोट धोतराला पुसलं. “म्हंजे विहिरीचं पाणी शेजारीच उपसत होता,” एवढंच म्हणाले आणि चाळीसगावहून तेलाचे डबे आणायला मला पिटाळलं.