मळीच्या पाण्याने विहीर नासली, तर हरित लवादाकडे भरपाई कशी मागायची?

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यातल्या कितीतरी गावांत ओढ्याचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे गडद तपकिरी सांडपाणी निघतं. ते तसंच ओढ्यात सोडलं की झिरपत विहिरीत उतरतं. मग माणसं टँकर आणतात, जनावरांना लांबून पाणी वाहतात, आणि हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करतात. तो त्यांनी करायचं काहीच कारण नाही.

अशा वेळी बहुतेक जण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार देतात आणि वाट पाहत बसतात. तक्रार द्यायलाच हवी. मंडळ कारखान्याला नोटीस देऊ शकतं, बंद करायला लावू शकतं. पण जळालेल्या पिकाचे आणि नासलेल्या विहिरीचे पैसे हवे असतील, तर राष्ट्रीय हरित लवाद कायदा 2010 च्या कलम 15 खाली वेगळा अर्ज करावा लागतो. हरित लवाद म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणारं खास न्यायाधिकरण; हा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे.

अर्ज ज्याला इजा झाली तो करू शकतो, ज्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तो मालक करू शकतो, किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती. मृत्यू झाला असेल तर वारस करू शकतात; पण सगळे वारस एकत्र हवेत, जो येत नाही त्याला प्रतिवादी करावं लागतं. ग्रामपंचायतही अर्ज करू शकते. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईत कामगारांना मात्र यातून वगळलं आहे. कामावर असताना कामगाराला इजा झाली, तर तिची भरपाई कामगार कायद्यांखाली मागावी लागते.

पीक, भाजीपाला, फळबाग, जनावरं, औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, बंद पडलेला धंदा, या सगळ्यांसाठी भरपाई मागता येते. अपघाताने नुकसान झालं असेल, तर कारखान्याची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नसते, असं लवादाचा कायदाच सांगतो. नुकसान त्या कारखान्यातून आलं, हे मात्र दाखवावं लागतं. खरी कसोटी इथेच असते.

म्हणून पाण्याचा रंग बदलला त्याच आठवड्यात कागद करायला लागा. ओढा चार महिन्यांनी कोरडा पडतो, मग दाखवणार काय? मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीत पाण्याचा नमुना घेण्याची स्पष्ट मागणी करा. बाटलीत भरून आपणच प्रयोगशाळेत नेलेल्या पाण्यावर समोरचा वकील लगेच बोट ठेवतो. मंडळाच्या अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे सीलबंद केलेल्या नमुन्याचं वजन वेगळं असतं. मंडळाने कारखाना चालवायला दिलेलं संमतीपत्र, आधीच्या नोटिसा आणि तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा; अर्जाला 10 रुपये लागतात. सांडपाण्याबद्दल काय अटी घातल्या होत्या, ते संमतीपत्रातच लिहिलेलं असतं.

पिकाचा पंचनामा तलाठी आणि कृषी सहाय्यकांकडून करून घ्या. जनावर दगावलं तर शवविच्छेदन केल्याशिवाय पुरू नका. दुःखात ते सुचत नाही, हे खरं. तरी घरातल्या एकाने पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचाच. याशिवाय सातबारा, आठ-अ, विहिरीची नोंद, आधार, टँकरच्या आणि औषधांच्या पावत्या, तारखेसह फोटो लागतील. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

मुदत 5 वर्षांची आहे, आणि ती नुकसान पहिल्यांदा झालं त्या दिवसापासून मोजतात. दरवर्षी नवं पाणी आलं म्हणून मुदत आपोआप नव्याने सुरू होईल, असं धरून चालू नका. सबळ कारण दाखवलं तर लवाद आणखी जास्तीत जास्त 60 दिवस देऊ शकतो.

शुल्क मागितलेल्या रकमेच्या 1 टक्का, पण किमान 1,000 रुपये. म्हणजे 10 लाखांच्या दाव्याला 10,000. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे. आकडा पावत्यांवरून काढा, उगाच फुगवू नका. दावा खोटा ठरला तर खर्च तुमच्यावर बसू शकतो. याच नुकसानीसाठी दुसरीकडे अर्ज केला असेल किंवा पैसे मिळाले असतील, तर तेही लवादाला कळवणं बंधनकारक आहे.

अर्ज ऑनलाइनही भरता येतो. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. तरीही कामकाज इंग्रजीत चालतं म्हणून वकील घ्यावा, असं मी सांगेन. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

लवादाने शक्यतो 6 महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. निकाल मान्य नसेल तर 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं.