अल्कीनचं ऑक्सिडीकरण: आधी तोडायला, मग घडवायला

अल्कीन म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेलं संयुग. त्याचं ऑक्सिडीकरण आज पाठ्यपुस्तकात ‘काय टाकलं की काय मिळतं’ अशा तक्त्यासारखं येतं. पण स्पेक्ट्रोस्कोपीची सोय नव्हती तेव्हा या अभिक्रियांचं मुख्य काम होतं तपासाचं: रेणूत दुहेरी बंध आहे का, आणि असला तर कुठे?

पहिलं साधन पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकतात तेच. त्याच्या थंड, विरल द्रावणात अल्कीन घालून हलवलं की जांभळा रंग उडतो आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका खाली बसतो. बेयरची ही कसोटी आजही प्रयोगवहीत आहे. रंग उडताना दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर एकेक हायड्रॉक्सिल (OH) गट बसतो. १८८०च्या सुमारास केकुले आणि आन्शुट्झ यांना या पद्धतीने मॅलेइक आम्लापासून (दोन्ही आम्लगट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला) मेसो टार्टरिक आम्ल मिळालं, म्हणजे आरशातलं प्रतिबिंबही तेच असलेलं; तर फ्युमरिकपासून (आम्लगट विरुद्ध बाजूंना) रॅसेमिक, म्हणजे एकमेकांची प्रतिबिंबं असलेल्या दोन रूपांचं समसमान मिश्रण. म्हणजे दोन्ही हायड्रॉक्सिल गट एकाच बाजूने येतात. पुढे वाग्नरने हीच अभिक्रिया टर्पीनांची, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांतल्या संयुगांची, रचना उलगडायला वापरली.

ओझोन त्याहून धारदार; तो दुहेरी बंध सरळ कापतो. शोनबाइनने बाझेलमध्ये ओझोन ओळखला तो १८३९-४०मध्ये, पण त्याचं पद्धतशीर हत्यार केलं कार्ल हॅरीसने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याने नैसर्गिक रबर कापलं आणि हाती आलं पाच कार्बनांचं लेव्हुलिनिक आल्डिहाइड. त्यावरून त्याने रबर म्हणजे आठ कार्बनांचं लहानसं वलय, असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकला, पण त्याला फार दोष देता येत नाही. वलय असो की हजारो एककांची साखळी, प्रत्येक दुहेरी बंध कापला की तुकडे तेच मिळतात. लांबीची खूण कापण्यातच पुसली जाते. साखळीची कल्पना रुजायला श्टाउडिंगर यावा लागला. ओझोन नेमका कसा कापतो, याची आज मान्य असलेली यंत्रणा क्रीगेने मांडली तीही पुढे, विसाव्या शतकाच्या मध्यावर.

घडवण्याची बाजू सावकाश वाढली. १९०९मध्ये प्रिलेझाएवने परआम्लांनी (एक ऑक्सिजन जास्त असलेल्या आम्लांनी) अल्कीनचे इपॉक्साइड केले, म्हणजे दुहेरी बंधाच्या दोन कार्बनांवर एक ऑक्सिजन बसवून तीन अणूंचं वलय. ऑस्मियम टेट्रॉक्साइड परमँगनेटपेक्षा सौम्य आणि नेमकं, पण महाग. शिवाय त्याची वाफ डोळ्यांना घातक.

खरी कलाटणी १९८०ची. शार्पलेस आणि कात्सुकी यांनी टायटॅनियमसोबत टार्टरिक आम्लाचं एस्टर वापरलं आणि इपॉक्साइड होताना ऑक्सिजन अल्कीनच्या कोणत्या बाजूने बसेल हे ठरवता येऊ लागलं. टार्टरिक म्हणजे आपल्या चिंचेतलं आम्ल. केकुलेच्या प्रयोगात ते उत्पादन होतं, इथे सूत्रधार झालं. अट एकच: दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल हवा. १९८८मध्ये सिंकोनाच्या (क्विनाइन देणाऱ्या झाडाच्या) अल्कलॉइडांची, म्हणजे नायट्रोजनयुक्त संयुगांची, जोड देऊन ऑस्मियमची पद्धतही अशीच दिशा पाळू लागली, आणि तिथे ही अटही नव्हती. २००१च्या नोबेलचा अर्धा वाटा शार्पलेसला मिळाला तो अशा ऑक्सिडीकरणांसाठी. आता ऑस्मियमच्या या पद्धतीचं मिश्रण तयार पावडर म्हणून विकत मिळतं, एडी-मिक्स आल्फा आणि बीटा; कोणती बाटली उघडायची ते हव्या असलेल्या बाजूवर ठरतं.