बाखमायर प्रकरण

बाखमायर प्रकरण : सात वर्षांच्या मुलीच्या मारेकऱ्याला आईने भर न्यायालयात गोळ्या घातल्याचे जर्मनीतील प्रकरण. ६ मार्च १९८१ रोजी सकाळी, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील ल्यूबेक शहरात, खटल्याच्या तिसऱ्या दिवशी मारियाने बाखमायर (१९५०–१९९६) हिने लपवून आणलेले बेरेट्टा पिस्तूल काढले आणि आरोपी क्लाउस ग्राबोव्स्की याच्या पाठीत गोळ्या झाडल्या. तो तिथेच गतप्राण झाला. तिने पळण्याचा प्रयत्न केला नाही. मुकाट अटक करवून घेतली. समाजमाध्यमांवर या घटनेचे ‘खरे चित्रीकरण’ म्हणून जे फिरते ते तिच्यावर १९८४ साली निघालेल्या चित्रपटातले आहे.

मुलीचे नाव आना. ५ मे १९८० रोजी आईशी खटका उडाला म्हणून ती शाळेत गेलीच नाही आणि ग्राबोव्स्कीच्या तावडीत सापडली. हा पेशाने खाटीक. लहान मुलींवरील लैंगिक अत्याचारांबद्दल पूर्वी शिक्षा झालेला. १९७६ साली त्याने स्वतःहून खच्चीकरण करून घेतले होते, पण पुढे संप्रेरकांचे उपचार घेऊन त्याचा परिणाम पुसूनही टाकला होता. त्याने आनाचा गळा आवळला. पोलिसांना खबर दिली ती त्याच्याशी लग्न ठरलेल्या बाईने.

खून त्याने कबूल केला, अत्याचार मात्र नाकारला. उलट पोरगीच पैसे मागत होती, नाहीतर आईला सांगेन अशी धमकी देत होती, असे त्याचे म्हणणे. सात वर्षांच्या, मेलेल्या मुलीवर हा आळ. प्रकरण समजून घ्यायचे तर पिस्तुलापेक्षा या जबाबाकडे आधी पाहावे लागते.

बाखमायरवर प्रथम खुनाचा आरोप ठेवला गेला. जर्मन कायद्यात खून म्हणजे थेट जन्मठेप, आणि बेसावध माणसाला दगा देऊन मारणे हे खुनाच्या लक्षणांपैकी एक. पाठीत झाडलेल्या गोळ्या त्यात सहज बसल्या असत्या. बाखमायरने सांगितले की आपण स्वप्नात असल्यासारखी गोळी झाडली, समोर आना दिसत होती. तपासणीसाठी हस्ताक्षराचा नमुना मागितला तेव्हा तिने लिहिले, ‘हे मी तुझ्यासाठी केलं, आना’, आणि भोवती हृदयाची सात चित्रे काढली. मुलीच्या वयाच्या वर्षामागे एक. खुनाचा आरोप पुढे मागे घेण्यात आला. २ मार्च १९८३ रोजी मनुष्यवध आणि बेकायदा शस्त्र बाळगणे यांसाठी तिला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यातली साधारण तीन वर्षे तिने भोगली.

लोकमत सुरुवातीला तिच्या बाजूने होते. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने तिची कहाणी सुमारे एक लाख मार्कांना विकत घेतली. पण त्या कहाणीतून आधीची दोन मुले दत्तक दिल्याचे आणि ती मद्यगृह चालवत असल्याचे पुढे आले, तशी सहानुभूती पातळ झाली. आई म्हणून उंचावर बसवायचे आणि मग ती पुरेशी ‘आई’ आहे का हे तपासायचे, हा खेळ वर्तमानपत्रांना नवा नव्हता. निकालानंतर आलेन्सबाख संस्थेने कौल घेतला तर २८ टक्क्यांना शिक्षा योग्य वाटली, २७ टक्क्यांना जास्त, २५ टक्क्यांना कमी.

भारतात असा बचाव ‘गंभीर व अचानक प्रक्षोभ’ या अपवादाखाली मांडावा लागतो, आणि ‘अचानक’ हा शब्द तिथे आडवा येतो. पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणारा नौदल अधिकारी नानावटी याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितले की दुपारी दीडला घर सोडून चार वीसला गोळी झाडणाऱ्याला भानावर यायला तीन तास पुरेसे होते. बाखमायरच्या बाबतीत मध्ये दहा महिने गेले होते. न्यायालयाच्या आवारातच हिशेब चुकवण्याची गोष्ट नागपूरला मात्र अपरिचित नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबा नगरातील बायकांच्या जमावाने बलात्कारांचे आरोप असलेल्या अक्कू यादव या गुंडाला तिथल्या जिल्हा न्यायालयात ठार केले. त्या खटल्यातील आरोपी २०१४ साली पुराव्याअभावी सुटले.

सुटकेनंतर बाखमायरने एका शिक्षकाशी लग्न केले, नायजेरियात काही वर्षे काढली, घटस्फोटानंतर सिसिलीतील पालेर्मो येथे मरणासन्न रुग्णांची सेवा केली. १९९५ साली दूरचित्रवाणीवर तिने स्वप्नाची भाषा सोडली : आपण विचारपूर्वक मारले, त्याने आनाबद्दल आणखी खोटे बोलू नये म्हणून. तिच्या मृत्यूनंतर, २००६ च्या एका माहितीपटात मैत्रिणीने सांगितले की मुलीच्या खुनानंतर ती तळघरात नेमबाजीचा सराव करत होती.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने १७ सप्टेंबर १९९६ रोजी ती वारली. मरण पालेर्मोत यावे अशी तिची इच्छा होती, आले ल्यूबेकमध्ये. तिथल्याच बुर्गटोर दफनभूमीत तिला आनाजवळ पुरले.