आंतरदंत हिरडीच्या उंचीचे मूल्यमापन

शेजारच्या दोन दातांमधील फट भरून काढणाऱ्या हिरडीच्या निमुळत्या भागाला पॅपिला म्हणतात. निरोगी स्थितीत तिचे टोक दात एकमेकांना टेकतात त्या संपर्कबिंदूपर्यंत पोहोचते. ते मुळाकडे सरकले की तेथे ‘काळा त्रिकोण’ दिसू लागतो आणि अन्नकण अडकू लागतात. हिरडीचा व हाडाचा विकार, दातांचा त्रिकोणी आकार, एकमेकांपासून दूर कललेली मुळे आणि चुकीच्या पद्धतीने साफसफाई करताना होणारी इजा ही याची प्रमुख कारणे आहेत.

नॉर्डलंड आणि टार्नो यांनी 1998 मध्ये मांडलेले वर्गीकरण सर्वाधिक परिचित आहे. टोक संपर्कबिंदूच्या मागे हटले, तरी दोन दातांच्या समोरासमोरील बाजूंवरची एनॅमल व मूळ यांची संधिरेषा अजून झाकलेली असेल, तर तो पहिला वर्ग होय. ही रेषा उघडी पडली की दुसरा वर्ग ठरतो आणि टोक ओठाकडील बाजूच्या संधिरेषेच्या पातळीला किंवा त्याहूनही मुळाकडे गेले की तिसरा. दंतरोपणाभोवतीच्या पॅपिलेसाठी येम्ट यांचा 1997 चा 0 ते 4 असा निर्देशांक वापरतात.

मात्र केवळ डोळ्यांनी ठरवलेला वर्ग अपुरा असतो, कारण हिरडीची उंची मुख्यतः तिच्याखालच्या हाडावर अवलंबून असते. टार्नो व सहकाऱ्यांच्या 1992 मधील अभ्यासात संपर्कबिंदूपासून हाडाच्या कड्यापर्यंतचे अंतर 5 मिमी किंवा त्याहून कमी असताना जवळजवळ सर्वच ठिकाणी फट पूर्ण भरलेली आढळली. 6 मिमी अंतराला हे प्रमाण 56 टक्के, तर 7 मिमीला 27 टक्के होते. एका मिलिमीटरने एवढा फरक पडत असल्याने हे अंतर नेमके मोजणे अगत्याचे ठरते. त्यासाठी हिरडी बधिर करून खुणा असलेला बारीक प्रोब पॅपिलेतून हळूहळू आत नेतात आणि टोकाला हाडाचा टणकपणा जाणवताच संपर्कबिंदूपाशी आकडा वाचतात. क्ष-किरण चित्राचाही आधार घेतला जातो, पण किरणांचा कोन बदलला तर त्यावरील माप फसवे ठरते.

सुजलेली पॅपिला प्रत्यक्षापेक्षा उंच भासते. दातांवरील कीटण काढल्यावर ती आकसते आणि आधी न दिसणारी फट उघडी पडते. म्हणून निर्णायक माप सूज ओसरल्यावरच घ्यावे आणि ही शक्यता रुग्णाला उपचाराआधीच सांगावी. हाड शाबूत असेल, तर दातांचा आकार बदलून किंवा दात सरकवून संपर्कबिंदू हिरडीकडे आणता येतो. हाडच झिजलेले असेल, तर शस्त्रक्रियेनेही पॅपिला पूर्ववत होईल याची खात्री देता येत नाही.