इमारत पडायला आलीय हे ठरवतं कोण? सी-वन नोटिशीमागचा इतिहास

पावसाळा तोंडावर आला की महापालिका आणि म्हाडाच्या अतिधोकादायक, म्हणजे सी-वन, इमारतींच्या याद्या येतात, आणि गिरगाव-भायखळ्यापासून डोंगरीपर्यंत ठरलेलं बोलणं सुरू होतं, "अहो गेली चाळीस वर्षं पडणार पडणार म्हणतायत, उभीच आहे की!" इमारत धोकादायक आहे हे बहुतेकांना मान्यच असतं, भांडण असतं ते धोका किती जवळ आलाय यावर.

कायद्यात बघायला जावं तर मूळ सापडतं 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात, कलम 354. एखादं बांधकाम मोडकळीला आलंय, पडण्याच्या बेतात आहे किंवा आत राहणाऱ्याला, शेजाऱ्याला, अगदी खालून जाणाऱ्यालाही धोकादायक आहे असं आयुक्तांना वाटलं की ते लेखी नोटीस काढून पाडा, आधार द्या नाहीतर दुरुस्त करा असं सांगू शकतात. बास. किती दिवसांत पडेल, कशावरून पडेल, मोजायचं कसं, यातलं काही नाही.

पुढे गुंता झाला तो भाड्यामुळे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली, मालकांनी डागडुजी सोडून दिली, पागडीवाल्यांनी (एकरकमी पैसे भरून कमी भाड्यात कायम राहणाऱ्यांनी) खोली सोडली नाही, आणि शहरातल्या जुन्या इमारती दर पावसाळ्यात पडायला लागल्या. म्हणून 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा 19,642 सेस, म्हणजे उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या. टेकू लागले, गर्डर टाकले, काही लोक ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेले ते तिथेच म्हातारे झाले, आणि हे बघितल्यावर नोटीस आली तरी कोण हलणार? माझ्या मते खरी गोम इथेच आहे, धोका किती हा प्रश्न इंजिनिअरचा राहिलाच नाही, इमारत पाडून फायदा कोणाचा हा झाला.

27 सप्टेंबर 2013 ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, 61 माणसं गेली. ती ना शंभर वर्षं जुनी होती ना कुठल्या खासगी मालकाची, खुद्द महापालिकेची होती आणि आत पालिकेचेच कर्मचारी राहत होते. पुढच्याच वर्षी, जून 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाने कार्यपद्धती घालून दिली. मालकाचा इंजिनिअर म्हणतो पाडा, भाडेकरूंचा म्हणतो दुरुस्त होईल, असे दोन रिपोर्ट समोर आले तर ते तांत्रिक सल्लागार समितीकडे जायचे, आणि अतिधोकादायक ठरलेली इमारत कोणी सोडत नसेल तर पाणी-वीज तोडून, पोलीस लावून रिकामी करता येते.

आता वर्ग असे आहेत : सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्ती, सी-थ्री म्हणजे किरकोळ काम. इमारतीची तपासणी करणारा ऑडिटवाला येतो, पिलरवर रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अजमावणारा हातोडा) मारतो, कोअर म्हणजे काँक्रीटचा नमुना काढतो, सळई किती गंजली ते बघतो. आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, हे ठीक, पण चुना-विटांच्या भिंती आणि सागवानी तुळयांच्या चाळीला हे हॅमर-बिमर फारसं काही सांगत नाही, तिथे तुळईचं टोक भिंतीत शिरतं त्या जागी कुजलंय का ते उकरूनच बघावं लागतं आणि नेमकी तीच जागा प्लॅस्टर नाहीतर पीओपीखाली झाकलेली असते.

आणि वर्ग बरोबर लागला तरी माणसं बाहेर पडतीलच असं नाही. भेंडी बाजारची हुसैनी इमारत आधीच धोकादायक ठरलेली होती, तरी काही कुटुंबं आत होती. 31 ऑगस्ट 2017 ला पडली, 33 जण गेले. खोली सोडली की हक्क गेला ही भीती. खरं तर सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच मिरजेच्या एका प्रकरणात सांगितलंय की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीलाही धरून असतो. हायकोर्टाच्या त्या कार्यपद्धतीतही आहे की पाडण्याआधी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातलं चटईक्षेत्र पालिकेने नोंदवून ठेवायचं. नोटीस आली की वॉर्ड ऑफिसात आधी हे मोजमाप मागा, लेखी.